‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ : एका प्रतिज्ञेचे भाषिक परीक्षण

१

डोळखांब हे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील, आजोबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरील गाव होय. त्याच्या परिसरात ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या समाजांची वस्ती असल्यामुळे बोलींच्या अभ्यासकास हा प्रदेश मोलाचा वाटतो. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ठाकरी व काथोडी या बोलींची दखल घेतलेली आहे. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी तो खंड उघडून त्यातील अक्षर न् अक्षर छापले तसे वाचता येते.

प्रस्तुत लेखकाने गेल्या हिवाळ्यात काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसह याच परिसरात शब्दसंग्रहाचे काम केले. शब्द टिपण्यासाठी वह्यांच्या जोडीला एक मोबाईल ॲप घेतले होते. एकच ॲप सर्व प्रकारच्या फोनांवर आणि संगणकांवरही चालते, हा त्याचा प्रमुख गुण म्हणून सांगण्यात आला होता. आणि ते सांगणे खोटे नव्हते. विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या फोनांवर ते खरोखरच चालले. विभागात परतल्यावर वह्यांतील व ॲपमधील नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा तीन गोष्टी आढळल्या. वहीतील ‘कुऱ्हाड’ ही ॲपमध्ये ‘कुर्हाड’ झाली होती आणि ‘दऱ्या’ या शब्दाचा ‘दर्या’ झाला होता. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत ‘काळू’ हे नदीचे नाव ‘काल’ आणि ‘कावळा’ यांच्या मध्ये जाऊन बसले होते. तसेच गावाच्या नावाच्या अरुंद रकान्यात ‘डोळखांब’ याच्या जागी ‘डोळखा’ एवढेच उरले होते.

यांपैकी पहिली चूक सर्वांत गंभीर होय. वह्या नसत्या तर ती चूक आहे हे समजण्यास काही मार्गच नव्हता. ज्या माणसाच्या घरासमोर सह्याद्रीच्या दऱ्या आहेत त्याने समुद्राचा शब्द सांगितला, असे अनुमान आमच्याच संग्रहातून उद्या एखाद्या संशोधकाने काढले असते, आणि त्याला दोष देता आला नसता.

ॲप तर चालत होते. मग बिघडले काय? ‘चालणे’ या क्रियापदाचा अर्थ संगणकाच्या व्यवहारात कोणता घेतला जातो, आणि मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो कोणता घेतला पाहिजे, हा प्रश्न या निमित्ताने उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२

प्रथम संज्ञांचा खुलासा करणे इष्ट होईल. एकदा लिहिलेली आज्ञावली विंडोज, अँड्रॉइड, आयफोन इत्यादी निरनिराळ्या प्रणालींवर चालावी म्हणून ज्या भाषा व जी साधने योजली जातात, त्यांना व्यवहारात ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’ म्हणतात. येथे त्यांना ‘सामायिक’ म्हणू. याउलट एका प्रणालीने पुरविलेल्या तिच्या स्वतःच्या सामग्रीतून जी आज्ञावली घडविली जाते ती ‘नेटिव्ह’. तिला ‘देशी’ म्हणू. आपल्या संगीतशास्त्रातील ‘मार्ग’ आणि ‘देशी’ हे जुने द्वंद्व या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. मात्र हा भेद सापेक्ष आहे, हे विसरून चालणार नाही. जावा ही भाषा सामायिकतेची ध्वजा घेऊन जन्मास आली. तीच पुढे अँड्रॉइडवर देशी ठरली. म्हणून ‘देशी’ हा कोणत्याही भाषेचा जन्मसिद्ध गुण नसून भाषा आणि प्रणाली यांमधील तो एक संबंध आहे.

सामायिकतेची आकांक्षा जुनी आहे. प्रत्येक प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी प्रत्येक यंत्रागणिक स्वतंत्र अनुवादक लिहावा लागू नये, म्हणून सर्वांच्या मध्ये एकच मध्यस्थ भाषा असावी, अशी ‘अन्कॉल’ नावाची योजना १९५८ साली अमेरिकेत मांडण्यात आली. ती पूर्णत्वास कधीच गेली नाही. डिसेंबर १९६० मध्ये कोबोल भाषेतील एकच आज्ञावली, किरकोळ फेरफार करून, आरसीए व रेमिंग्टन रँड या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. पुढे १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा प्रसिद्ध केली आणि ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ ही प्रतिज्ञा जगभर दुमदुमली.

या प्रतिज्ञेतील अडचण जावाच्या पहिल्या चार वर्षांतच स्पष्ट झाली. तिच्या आरंभीच्या ‘एडब्ल्यूटी’ या दर्शनी सामग्रीत खिडक्या, बटणे, मजकुराच्या चौकटी हे सारे त्या त्या प्रणालीचेच वापरले जाई. परंतु असे करावयाचे तर सर्व प्रणालींत जे समान असेल तेवढेच घेता येते; एकीकडे आहे पण दुसरीकडे नाही, असे सारे सोडून द्यावे लागते. म्हणून १९९८ च्या आवृत्तीत ‘स्विंग’ ही दुसरी सामग्री आली. तिने प्रणालीचे काही न घेता प्रत्येक बटण व प्रत्येक अक्षर स्वतःच रेखाटण्याचा मार्ग पत्करला. आता काही सोडावे लागत नव्हते. परंतु प्रणालीने जे आधीच करून ठेवले होते ते सर्व पुन्हा करणे भाग होते. समानतेपुरते घ्यावे तर सामग्री तोकडी पडते. सर्व स्वतः रेखाटावे तर प्रणालीचे संचित गमवावे लागते. त्यानंतर निघालेले प्रत्येक सामायिक साधन या दोहोंपैकी एका बाजूकडे झुकलेले दिसते.

या पेचाची किंमत इंग्रजीस जाणवेल इतकी मोठी नाही. मराठीस ती किती पडते याचे एकच उदाहरण पाहू. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या प्रणालीत देवनागरी जुळविण्याची व्यवस्था व ‘मंगल’ हा टंक अंगभूतच होता. फेब्रुवारी २००० पासून त्या प्रणालीवरील कोणत्याही साध्या देशी चौकटीत मराठी उमटू शकत होती. स्वतः अक्षरे रेखाटणाऱ्या जावामध्ये देवनागरीची सोय २००२ च्या १.४ या आवृत्तीत आली. म्हणजे दोन वर्षेपर्यंत एकाच यंत्रावर देशी आज्ञावलीस मराठी येत होती, आणि शेजारच्याच खिडकीतील सामायिक आज्ञावलीस येत नव्हती. यंत्र तेच, प्रणाली तीच, वाचकही तोच. फरक होता तो केवळ प्रणालीचे संचित वापरले की नाकारले याचा.

३

आता आमच्या तीन चुकांकडे वळू. शेवटची सर्वांत सोपी असल्यामुळे तिच्यापासून आरंभ करणे बरे.

‘डोळखांब’ या नावात अक्षरे किती? डो, ळ, खां, ब अशी चार, असे मराठी शाळेतील कोणतेही मूल सांगेल. युनिकोडच्या संकेतानुसार मात्र त्यात सात चिन्हे आहेत : ड, ओकाराची मात्रा, ळ, ख, काना, अनुस्वार आणि ब. जावास्क्रिप्ट ही आज सर्वाधिक प्रचारात असलेली सामायिक भाषा या नावाची लांबी विचारल्यास सात असे उत्तर देते. जावाही तेच देते. ॲपलने आपल्या यंत्रांसाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली स्विफ्ट ही भाषा मात्र चार असे सांगते, कारण वाचकाला जो एकसंध घटक म्हणून दिसतो तोच तिने मोजणीचा एकक मानला आहे. सात चिन्हांपैकी पहिली पाच ठेवून बाकीची छाटली की ‘डोळखा’ उरते. आमच्या ॲपने नेमके हेच केले होते.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही सदोष मोजणी केवळ सामायिक भाषांतच आढळते असे नाही. अँड्रॉइडच्या देशी भाषा म्हणजे जावा व कोटलिन. त्याही सातच मोजतात. तसेच स्विफ्टची मोजणीही प्रारंभी जोडाक्षरांच्या बाबतीत अपुरीच होती. ‘क्ष’सारख्या देवनागरी जोडाक्षरास एकसंध घटक मानण्याचा नियम युनिकोडमध्येच २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आला. तथापि फरक असा की, देशी आज्ञावलीत लेखकास अशी मोजणी सहसा स्वतः करावी लागत नाही. मजकूर चौकटीत मावत नसेल तर कोठे तोडावयाचा, कर्सर कोठून कोठे न्यावयाचा, हे प्रणालीची स्वतःची चौकट ठरविते, आणि तिला अक्षर म्हणजे काय हे ठाऊक असते. सामायिक साधनांत हे निर्णय वारंवार आज्ञावली-लेखकाकडे येतात, आणि त्याच्या हाती असलेली मोजपट्टी मात्र चिन्हांची असते.

४

दुसरी चूक क्रमाची. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो. आपल्या वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’ नंतर, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांच्या आधी आहे. म्हणून केवळ संकेतांकावरून यादी लावली तर काल, काळू, कावळा, काशी असा क्रम येतो. मराठी वर्णक्रमाने तो काल, कावळा, काशी, काळू असा हवा. मराठीचा हा वेगळा क्रम जगातील भाषांच्या सामायिक माहितीकोशात रीतसर नोंदलेला आहे, आणि प्रमुख प्रणाली त्याचा उपयोग करतात. परंतु तो उपयोग व्हावयाचा तर तो कोश आज्ञावलीच्या हाताशी असला पाहिजे. फेसबुकने २०१९ मध्ये आपल्या ‘रिॲक्ट नेटिव्ह’ या सामायिक साधनासाठी ‘हर्मीस’ नावाचे जावास्क्रिप्टचे नवे चालकयंत्र प्रसिद्ध केले. ते हलके व वेगवान असावे हा हेतू होता, आणि तो सफलही झाला. परंतु निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रम, दिनांक व संख्या यांविषयीचा विभाग आरंभी त्यात नव्हता. अँड्रॉइडसाठी तो २०२१ मध्ये आला आणि आयफोनसाठी त्याहून उशिरा. ओझे कमी करावयाचे ठरले तेव्हा प्रथम खाली उतरविले गेले ते भाषांच्या वेगळेपणाचे गाठोडे, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तिसरी चूक ‘ऱ्य’ची. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद मराठीच्या प्रत्येक अध्यापकाने कधी ना कधी फळ्यावर लिहून दाखविला असेल. हा भेद उच्चाराचाही आहे व अर्थाचाही. संगणकात तो दोन प्रकारे नोंदविता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने, किंवा साध्या ‘र्’ नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. आमच्या काही विद्यार्थ्यांचे कळफलक दुसऱ्या पद्धतीने लिहीत होते. ॲपमध्ये मजकूर साठविण्यापूर्वी ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ काढून टाकण्याची एक तजवीज होती. इंग्रजीच्या दृष्टीने अशी चिन्हे म्हणजे केरकचराच. मराठीच्या दृष्टीने त्यांतील एक चिन्ह अर्थभेदक आहे. ते गळताच दऱ्यांचा दर्या झाला.

याच जातीचा, परंतु अधिक सूक्ष्म असा प्रश्न ‘ल’ व ‘श’ यांच्या वळणाचा आहे. मराठी वळणाचे ल व श हिंदी वळणाहून भिन्न असून महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व तिची लेखनपद्धती निश्चित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी तिची सुधारित आवृत्ती काढली. युनिकोडने मराठी, हिंदी, नेपाळी व संस्कृत यांस एकच देवनागरी संच दिला, आणि वळणाचा भेद टंकावर सोपविला. चांगल्या टंकांत दोन्ही वळणे असतात. परंतु ‘हा मजकूर मराठी आहे’ हे टंकास कोणीतरी सांगावे लागते. फोनची भाषा मराठी निवडलेली असेल तर अँड्रॉइडच्या स्वतःच्या मजकूर-चौकटीस ते आपोआप कळते. स्वतः अक्षरे रेखाटणाऱ्या सामायिक साधनात आज्ञावली-लेखकाने मराठीची घोषणा केली नसेल, तर मराठी मजकूर परक्या वळणात उमटतो, आणि कोणतीही तक्रार यंत्र करीत नाही.

प्राग संप्रदायाच्या भाषाशास्त्रज्ञांनी ‘चिन्हित’ आणि ‘अचिन्हित’ असा जो भेद केला, तो येथे फार उपयोगी पडतो. द्वंद्वातील जे रूप काही विशेष न सांगता गृहीत धरले जाते ते अचिन्हित. जे मुद्दाम दर्शवावे लागते ते चिन्हित. मराठी भाषा निवडलेल्या देशी प्रणालीत मराठीचे बरोबर वर्तन अचिन्हित असते; ते बिघडवावयाचे तर काही खटपट करावी लागते. सामायिक साधनात मराठीचे बरोबर वर्तन चिन्हित असते. ते मिळवावयाचे तर मोजणी, क्रम, वळण यांतील प्रत्येक गोष्ट नाव घेऊन मागावी लागते. ती मागण्याची सोय आज बहुतेक ठिकाणी आहे. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरशः तोडणी करण्याचे साधन उपलब्ध आहे, वर्णक्रमाचेही आहे. परंतु ज्याला मराठी ठाऊक नाही त्याला ते मागावयाचे आहे हेच ठाऊक नसते. सामायिक भाषांवरील मुख्य आक्षेप असा की, त्या मराठीस अशक्य करीत नाहीत, तर अपवाद करतात. आणि अपवादाचा विसर पडणे हा मनुष्यस्वभाव आहे.

५

स्वतः रेखाटण्याच्या मार्गाचे आणखी काही परिणाम पाहण्यासारखे आहेत. गूगलचे ‘फ्लटर’ हे साधन डिसेंबर २०१८ मध्ये १.० या आवृत्तीस पोहोचले. ते प्रत्येक प्रणालीवर आपली अक्षरे व बटणे स्वतः रेखाटते. त्यामुळे सर्वत्र दर्शन एकसारखे राहते, हा त्याचा खरा गुण आहे. परंतु तेच साधन जेव्हा ब्राउझरमध्ये चित्रफलकावर रेखाटू लागते, तेव्हा यंत्रावरील टंक त्यास वापरता येत नाहीत. ॲपबरोबर देवनागरीचा टंक दिला नसेल तर तो त्या क्षणी जालावरून उतरवून घ्यावा लागतो, आणि तो येईपर्यंत अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. शहरात ही घटिका डोळ्याच्या पापणीइतकी. डोंगराआड जेथे जाळे येते-जाते तेथे ती कितीही लांबू शकते. ज्या फोनच्या पोटात उत्तम देवनागरी टंक आधीच पडून आहे, त्याच फोनने मराठी माणसाला कोऱ्या चौकटी दाखवाव्यात, हा प्रकार घागर भरलेली असता पाण्यासाठी नदीवर पाठविण्यासारखा आहे.

दृष्टिहीन वाचकाची स्थिती याहून बिकट होते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी सोय देशी चौकटीतील मजकूर थेट जाणते. चित्रफलकावर रेखाटलेला मजकूर तिच्या दृष्टीने केवळ चित्र असते; म्हणून साधनाने त्या मजकुराची एक समांतर अर्थरचना वेगळी उभारून द्यावी लागते. ब्राउझरमधील फ्लटरमध्ये ही रचना मुळात बंद ठेवलेली असून ती सुरू करण्याची मागणी वापरणाऱ्याने करावयाची असते. येथेही तोच न्याय : जे देशी व्यवस्थेत अचिन्हित, ते सामायिक व्यवस्थेत चिन्हित.

दुरुस्तीचाही प्रश्न आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतील एका जोडाक्षरामुळे आयफोनवरील अनेक ॲपे कोसळू लागली. हा दोष देशी प्रणालीचा होता, आणि तो लहान नव्हता. मात्र तो एकाच ठिकाणी होता. ॲपलने त्याच महिन्यात प्रणालीची दुरुस्त आवृत्ती काढली आणि ती घेताच त्या प्रणालीची अक्षरव्यवस्था वापरणारी सारी ॲपे एकदम सुधारली. उलट ज्या ॲपने अक्षरे जुळविणारे यंत्र स्वतःच्याच पोटात बाळगले आहे, त्यातील दोष ते ॲप पुन्हा बांधून वाटले जाईपर्यंत तसाच राहतो. ज्यांचे लेखक दुसऱ्या कामास लागले, अशा ॲपांच्या बाबतीत तो कायमच राहतो.

६

यंत्रावरील भाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; म्हणून येथे थोडक्यात उल्लेख पुरे. ‘इलेक्ट्रॉन’ या साधनाने बांधलेली प्रत्येक आज्ञावली क्रोमियम हा संपूर्ण ब्राउझर आपल्याबरोबर वागविते; अशा चार आज्ञावल्या म्हणजे चार ब्राउझर. फेसबुकने आपले मोबाईल ॲप वेबच्या सामायिक तंत्रावर उभारले होते; ते मंद ठरल्यामुळे २०१२ मध्ये आयफोनसाठी देशी पद्धतीने पुन्हा लिहिले, आणि वेबतंत्रावर अतिरिक्त भिस्त ठेवणे ही मोठी चूक होती अशी जाहीर कबुली संस्थापकांनी दिली. त्याच कंपनीने तीन वर्षांनी ‘रिॲक्ट नेटिव्ह’ काढले. त्यात प्रणालीची स्वतःची बटणे व चौकटी वापरण्यावर भर होता, हा त्या कबुलीचाच परिणाम मानता येईल.

हा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे मात्र अधिक विचारणीय आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल फोन मोठ्या संख्येने परत केले. फोनची स्मृती अवघी दोन गिगाबाइट असून तो वारंवार बंद पडतो, आणि पोषणाच्या नोंदींचे ॲप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. हे उदाहरण सामायिक भाषांच्या दोषाचे म्हणून आम्ही देत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याचे यंत्र व ती वापरणाऱ्याचे यंत्र, लिहिणाऱ्याची भाषा व वापरणाऱ्याची भाषा, यांत केवढे अंतर असू शकते, एवढेच ते दाखविते. सामायिक साधनाने वाचतो तो लिहिणाऱ्याचा वेळ. खर्च होते ती वापरणाऱ्याची स्मृती, विद्युत आणि पुष्कळदा लिपी. हिशेबाच्या दोन बाजू दोन निरनिराळ्या माणसांच्या वह्यांत लिहिल्या जात असल्यामुळे ही तूट कोठेच दिसत नाही.

७

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात, आणि ते तिन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की, देशी मार्गाने मराठीचे भले झाले हे तरी कोठे खरे? युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीच्या बहुतेक अक्षरजुळणी-सामग्रीत प्रत्येक उत्पादकाचा टंक व प्रत्येक टंकाचा संकेत वेगळा होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हा संकेत मान्य केला, तरी छपाईच्या धंद्यात टंकाचे खासगी संकेतच चालू राहिले. त्या काळातील मजकूर आज उघडला की रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो, आणि तो सोडविण्यास परिवर्तक शोधावा लागतो. हा आक्षेप आम्हास पूर्ण मान्य आहे. किंबहुना आमच्या प्रतिपादनाचा तो एक आधारच आहे. त्या वेळी अनिष्ट होते ते संकेताचे देशीपण. साठवणुकीत सामायिकता हवी होती, ती नव्हती.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रीय आहे. मराठीसाठी ॲप लिहिणारे थोडे, पैसा त्याहून थोडा. प्रत्येक प्रणालीसाठी वेगळे लिहा असे म्हणणे म्हणजे लिहूच नका असे म्हणणे होय. विशेषतः कातकरी किंवा ठाकरी बोलींचा कोश एखाद्या विद्यार्थ्याने फावल्या वेळात ॲपच्या रूपाने काढावयाचा असेल, तर तो सामायिक साधनानेच निघेल. हेही खरे आहे. म्हणूनच सामायिक भाषा टाकून द्याव्यात असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोश निघाला तर त्यातील शब्द जसा बोलला व लिहिला गेला तसाच उरला पाहिजे. नाही तर स्वस्तात काढलेला कोश फार महाग पडतो.

तिसरा आक्षेप असा की, वर सांगितलेले दोष तात्कालिक आहेत. कालांतराने ते नाहीसे होतात. जावाने २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ‘हार्फबझ’ हे अक्षरे जुळविणारे यंत्र स्वीकारले. तेच यंत्र अँड्रॉइडमध्ये आहे व फ्लटरमध्येही आहे. हर्मीसमध्ये भाषाविभाग आला. मग तक्रार कशाची? यावर उत्तर असे की, दोष दुरुस्त होतात हे खरे, परंतु ते कोणत्या क्रमाने दुरुस्त होतात ते पाहावे. इंग्रजीचे बहुधा पहिल्याच दिवशी बरोबर असते. मराठी दोन-दोन वर्षांनी मागून येते, आणि नवे साधन निघाले की पुन्हा रांगेच्या शेवटास उभी राहते. या अवधीत जमविलेली सामग्री आपोआप दुरुस्त होत नाही. आमच्या संग्रहातील ‘दर्या’ त्या ॲपच्या पुढील आवृत्तीने ‘दऱ्या’ होणार नाही.

लक्षात घेण्यासारखे आहे की, तिसऱ्या आक्षेपातील उदाहरण आमचाच पक्ष बळकट करते. हार्फबझ हे स्वतः सामायिक आहे. अनेक प्रणाली ते वापरतात. परंतु ते लिपींच्या भेदांचे ज्ञान एकत्र साठविते. भेद पुसणारी सामायिकता एक, आणि भेद जपणारी सामायिकता दुसरी; युनिकोड, मराठीचा वर्णक्रम नोंदविणारा माहितीकोश आणि हार्फबझ ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे होत.

८

सामायिक की देशी, हा प्रश्न म्हणून आम्हास नीट मांडलेला वाटत नाही. सामायिकता कोणत्या स्तरावर असावी, असा तो मांडला पाहिजे. संकेत, साठवण आणि आज्ञावलीचा तार्किक गाभा सामायिक असण्यात सर्वांचे हित आहे. तेथे देशीपणाचा हट्ट धरल्याने मराठीची एका पिढीची सामग्री अडकून पडली. जेथे माणूस लिहितो, वाचतो, ऐकतो, शोधतो व यादी लावतो, त्या दर्शनी स्तरावर मात्र प्रणालीने जे करून ठेवले आहे ते वापरावे, आणि वापरता येत नसेल तर ते पुन्हा करण्याची जबाबदारी उघडपणे पत्करावी. ‘कोठेही चालते’ एवढ्या प्रशस्तिपत्रावर कोणतेही साधन संशोधनकार्यात घेऊ नये.

विभागातील विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी करून पाहावी अशी एक साधी परीक्षा येथे नमूद करतो. तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. साधनात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द दोन्ही पद्धतींनी लिहून साठवावेत, बाहेर काढावेत आणि ते वेगळे उरले की नाही ते पाहावे. काल, काळू, कावळा, क्षण, हळद, ज्ञान हे शब्द देऊन यादी लावून घ्यावी. ‘डोळखांब’ हे नाव सर्वांत अरुंद रकान्यात घालावे. फोनचे जाळे बंद करून ॲप उघडावे व अक्षरे दिसतात का ते पाहावे. शेवटी वाचून दाखविणारी सोय सुरू करून त्यातील एक नोंद ऐकावी. जे साधन या पाचांतून उतरेल ते सामायिक असो की देशी, ते खुशाल न्यावे. आमच्या ॲपने यांतील पहिल्या तीन कसोट्यांवर काय केले ते वर आलेच आहे. त्यातील नोंदी आता वह्यांवरून एकेक करून दुरुस्त करण्याचे काम चालू आहे, आणि पुढील फेरीतही वह्या बरोबर नेल्या जातील.